पितळी टोपीतली गोळी

खालच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या बाई वर राहणाऱ्या घड्याळवाल्यांना कितीशा ठाऊक होत्या? एकाच जिन्यावर वीस वर्षं काढूनही त्यांना एवढंच सांगता आलं असतं, की बाईंचं शिवणयंत्र उजाडताच चालू होतं आणि जीभ त्याच्याही आधी.

मग बाईंचा गुडघा गेला आणि पायाने चालवायचं यंत्र बंद पडलं. शस्त्रक्रियेसाठी हिमोग्लोबिन बारा हवं, ते साडेनवावर हटून बसलेलं. डॉक्टरांनी रोज एक लोहाची गोळी लिहून दिली. ती गिळवायला बाईंची थोरली बहीण पाण्याचा पेला घेऊन पहारेकऱ्यासारखी उभी राही. महिना झाला तरी आकडा जागचा हलेना. पोट मात्र रोज ढवळायचं.

तेव्हा बाईंनी शक्कल काढली. शिवताना बोटात घालायची पितळी टोपी तळहातात लपवायची, गोळी अलगद तिच्यात सोडायची आणि नुसतं पाणी घटाघटा प्यायचं. एक दिवस पोटात, एक दिवस टोपीत.

"घड्याळवाले, हात पुढे करा," त्या दारातून कुजबुजत. "फेकून द्या कुठेतरी. ताई माझी कचऱ्याची बादलीसुद्धा उपसते."

घड्याळवाले भित्रे. त्यांना फेकायचाही धीर होईना. खिशात बाळगायच्या स्क्रूंच्या डबीत गोळ्या साठत गेल्या.

तीन महिन्यांनी आकडा बारावर गेला. बाईंना आधार द्यायला घड्याळवालेही दवाखान्यात आले होते. "एक दिवस चुकू दिला नाही!" ताई ऐटीत म्हणाली. नेमका तेव्हाच घड्याळवाल्यांनी खिशातून रुमाल ओढला. डबी खाली पडली आणि गोळ्या घरंगळत थेट ताईच्या चपलेपाशी गेल्या. बाई छताकडे बघू लागल्या.

सगळं ऐकून डॉक्टर हसत सुटले. "गोळी पोटात गेली की यकृत एक संप्रेरक सोडतं. ते आतड्याला सांगतं, लोह पुरे, दार लाव. दुसऱ्या दिवशीही ते दार नीट उघडलेलं नसतं. मग रोजची गोळी बरीचशी बाहेरच ताटकळते आणि पोट बिघडवते. मीच आधी दिवसाआड लिहायला हवी होती."

"म्हणजे हिने लबाडी केली म्हणून गुण आला?" ताई कडाडली.

"तुझा पहारा होता म्हणून निम्म्या तरी गेल्या गं," बाई म्हणाल्या.

गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. यंत्र पुन्हा खडखडू लागलं. पुढच्या वर्षी घड्याळवाले लेकीकडे कायमचे राहायला निघाले, तेव्हा बाई काठीशिवाय फाटकापर्यंत आल्या. त्यानंतर भेट झाली नाही; बोलणं झालं ते एवढंच.

"पोटावरचं बटण लटकतंय. थांबा, दोन टाके घालते."

"राहू द्या, गाडी उभी आहे. पुढच्या खेपेला."

"मग तोवर पोट आत घ्या."