हत्तीलाही होकार

साहेबांनी अंगठ्याचं मशीन कांताबाईंकडे सरकवलं आणि माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, समजावून झालं ना? तसं लिहून द्या, म्हणजे मी पुढचं टोकन घेतो."

मी पेन उघडलं होतं.

वाशिम जिल्ह्यातलं एक दस्त नोंदणीचं ऑफिस. कांताबाई शिरपूरकडच्या एका खेड्यातल्या. पन्नाशीच्या, जन्मापासून बधिर, लग्न झालं नाही, भावाकडे राहतात. त्या दिवशी त्यांचं हक्कसोडपत्र होणार होतं. म्हणजे वडिलांच्या शेतातला माझा हिस्सा मी भावाला सोडते, असं बहिणीनं लिहून देणं. आमच्याकडे बहुतेक बहिणी देतात. शेत जातं, माहेर राहतं. कांताबाईंना तर माहेर सोडून दुसरं घरच नव्हतं.

मी सांकेतिक भाषेची दुभाषी. बधिर माणसाचे हात वाचायचे आणि तोंडानं बोलायचं, समोरच्याचं ऐकायचं आणि हातांनी सांगायचं. बधिर मुलांच्या शाळेत शिकवून रिटायर झाले आणि हे काम धरलं. कागदावर अंगठा देणाऱ्या बधिर माणसाला तो कागद त्याच्या भाषेत कळला पाहिजे, हा त्याचा हक्क आहे, असं मी गावोगाव सांगत फिरते. अंगठा घेण्याआधी साहेबांनी मला बोलावलं, याचंच मला कौतुक होतं.

भाऊ दामोदर मात्र कंटाळला होता. "मॅडम, तिले सारं समजते. आमी घरी इशाऱ्यानंच बोलतो ना. कायले एवढा वेळ लावून राह्यल्या?"

मी कांताबाईंना सगळं सांगितलं. शेत, हिस्सा, कायमचं. दर वाक्याला त्यांनी मान हलवली. मध्येच त्यांनी हवेत दोर ओढल्यासारखं केलं, मग तळहात गुडघ्याएवढा खाली धरला, मग छातीवर हात ठेवला. मला काही उलगडलं नाही. पण समोरचं माणूस काही सांगतंय तर आपलं लक्ष आहे एवढं तरी दाखवावं, म्हणून मीही मान हलवली.

पेन टेकवणार, तेवढ्यात जुनी सवय आड आली. वर्गात मी "समजलं का?" असं कधी विचारायची नाही. सगळी पोरं हो म्हणतात. ज्याचं उत्तर नुसत्या मानेनं देता येणार नाही असा प्रश्न विचारायचा, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. मी विचारलं, "कोणतं शेत सोडताय?" कांताबाईंनी मान हलवली. "तुम्हाला भाऊ किती?" मान हलली. शेवटी विचारलं, "आज तुम्ही हत्तीवर बसून आलात का?" त्यांनी हसून मान हलवली.

मी पेनाला टोपण लावलं.

"काय झालं?" साहेबांनी विचारलं.

"त्यांना माझी भाषा येत नाही, साहेब."

"अहो, बाई तर हो म्हणत होती."

"हत्तीलाही हो म्हणाली."

कांताबाई कधी शाळेत गेल्याच नव्हत्या. सांकेतिक भाषा ही नुसती हातवाऱ्यांची गंमत नाही. तिला शब्द आहेत, व्याकरण आहे. चार बधिर माणसांत बसल्याशिवाय ती येत नाही. कांताबाईंकडे होत्या फक्त घरच्या खुणा. जेव, चल, बैल, पाऊस. त्यात 'कायमचं' कुठून येणार? बाकी जगासाठी त्यांनी एकच युक्ती शोधली होती. मान हलवली की लोक रागवत नाहीत. हे मला पहिल्या मिनिटाला कळायला हवं होतं. लाज वाटली.

"मग आता?" साहेब भला माणूस.

"उद्याचं टोकन द्या. माझ्यापेक्षा हुशार माणूस आणते."

तो माणूस म्हणजे रिसोडचे शकील मास्टर. लेडीज टेलर, स्वतः बधिर. शाळा न पाहिलेल्या बधिरांशी बोलण्यात त्यांचा हातखंडा. व्हिडिओ कॉलवर सगळं सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून आले. गळ्यातली टेप तशीच.

त्यांनी कांताबाईंना ऑफिसबाहेर निंबाखाली बसवलं. माझ्यामार्फत दामोदरला विचारून मातीत काडीनं ते शेत काढलं. नाला, धुरा म्हणजे बांध, विहीर. एक खडा दामोदर, एक खडा कांताबाई. मग कागद दाखवला, त्यावर खोटा खोटा अंगठा टेकवला आणि कांताबाईंचा खडा उचलून शेताबाहेर टाकला.

कांताबाईंनी त्यांचं मनगट धरलं. खडा परत आणला आणि एका कोपऱ्यात दाबून बसवला. मग हवेत दोर ओढला. तळहात गुडघ्याएवढा खाली धरला. छातीवर हात ठेवला.

मास्टर माझ्याकडे वळले आणि हातांनी म्हणाले, "विहीर. शेळ्या. माझं."

काल हेच तर त्यांनी मला सांगितलं होतं.

दामोदर खालीच बसला. "विहिरीपाशी हिची भाजी हाये. शेळ्या तिथंच बांधते. पण ते सोडाचं नाही असं हिनं मले कधी सांगतलंच नाही."

मास्टरांचे हात हलले, मी ते तोंडानं बोलले. "तुम्ही कधी विचारलं?"

दामोदर कोपऱ्यातल्या खड्याकडे बघत म्हणाला, "अंगठा दे म्हटलं का देत होती. बँकेत, रेशनले, सगळीकडे. मले वाटलं राजी हाये."

तो काही वाईट माणूस नव्हता. सातबारा एकट्याच्या नावावर असला की स्प्रिंकलरच्या सरकारी योजनेसाठी ऑफिसच्या फेऱ्या कमी होतात, असं कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं होतं. कांताबाईंनी उरलेल्या सगळ्या शेतावरून हात फिरवला आणि तो भावाच्या खड्याकडे नेला. हे तू पेर.

दामोदर उठून आत गेला. "साहेब, राहू द्या. नाव तिचं राहू द्या. पेरतो तं मीच."

दस्त झालाच नाही. सातबाऱ्यावर कांताबाईंचं नाव आजही आहे. न झालेल्या कामाचा एवढा आनंद मला नोकरीतही कधी झाला नव्हता.

दर रविवारी मास्टरांच्या दुकानामागे बधिर मंडळी जमतात. कांताबाई येतात, दामोदरच एसटीत बसवून देतो. येऊन येऊन त्यांनी भाषा चांगली धरली. या मंडळींत प्रत्येकाला खुणेचं एक नाव असतं. ते बधिर माणसानंच ठेवायचं, आपण मागून मिळत नाही. मास्टरांचं नाव गळ्यातली टेप. माझं इतकी वर्षं चष्मा होतं.

परवा कांताबाईंनी ते बदललं. माझ्याकडे बोट केलं, सगळं कळल्यासारखा चेहरा केला आणि तीनदा जोरात मान हलवली. मास्टर टेबलावर हात आपटून हसले.

आता रिसोडपासून वाशिमपर्यंत माझं नाव तेच. बदलून मागितलं नाही. पेन उघडण्याआधी ते आठवलेलं बरं असतं.