सियाचा तासाचा दर

पद्मिनीचा फोन आला तेव्हा मी गाडीवरचा बर्फ खरवडत होते. "तू आत्ता ये," एवढंच म्हणाली. आवाज असा होता की मला वाटलं, सोलापूरहून तिच्या घरची काही वाईट बातमी आली. मी तशीच निघाले.

घरात शिरले तर ती ओट्यापाशी फोन घट्ट धरून उभी. कढईतला कांदा जळून काळा झालेला.

"सियानं हिमानीकडे पैसे मागितले," ती म्हणाली.

सिया ही तिची पंधरा वर्षांची मुलगी. हिमानी अमेरिकेतल्या आमच्या नेपरव्हिल गावच्या मराठी मंडळींतलीच, दोन रस्ते सोडून राहते, एका कंपनीत मॅनेजर आहे. तिचा थोरला आर्य अकरा वर्षांचा, धाकटा वेद तीनचा. दर शनिवारी आर्यला पोहण्याच्या सरावाला नेताना ती वेदला सांभाळायला सियाला बोलवायची. सकाळी नऊ ते तीन. वर्षभर हे चाललं होतं. दुपारी पिझ्झा मिळायचा, आणि दिवाळीला कानातलं मिळालं होतं.

सियानं केलेल्या मेसेजचा स्क्रीनशॉट हिमानीनं पद्मिनीला पाठवला होता, खाली डोळे विस्फारलेले तीन चेहरे टाकून. मेसेज इंग्रजीत होता. यापुढे मी तासाला सोळा डॉलर घेईन, फर्स्ट एडचा कोर्स पूर्ण केलाय, वेद मला खूप आवडतो.

"सोळा!" पद्मिनी म्हणाली. "अगं, काकू म्हणते ती हिमानीला. काकूला कोणी दर सांगतं का?"

खोटं कशाला बोलू, धक्का मलाही बसला होता.

पद्मिनी सोलापूरला बालवाडीत शिकवायची. तिच्या नवऱ्याची, गुरुनाथची, बदली अमेरिकेत झाली तेव्हा सिया दोन वर्षांची होती. नवऱ्याच्या व्हिसावर आलेली, त्यामुळे नोकरीची परवानगी नाही. रिकामं बसणं तिच्या स्वभावात नव्हतं. कुणाची मीटिंग लांबली, कुणाचं बाळंतपण आलं, कुणाला ताप आला, की मूल पद्मिनीकडे. तिच्याकडे गेलं की पोर पाच मिनिटांत रडायचं थांबायचं. मऊ भात, बडबडगीतं, दुपारी अंगावर पातळ गोधडी. आम्ही सगळ्या म्हणायचो, पद्मिनी आहे म्हणून निभावतंय.

सिया वरून खाली आली.

"काकूला सॉरी म्हणायचं, चल," पद्मिनी म्हणाली.

"For what? समोरचे लोक मला अठरा देतात आई. तिथे बाळ झोपलेलं असतं, मी होमवर्क करते. Ved bites."

तिनं स्वेटशर्टची बाही वर केली. कोपराखाली दातांची निळसर गोल खूण होती, आणि शेजारी एक जुनी, पिवळी पडलेली. पद्मिनीनं तिचा हात धरला आणि नुसती बघत राहिली. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं.

तरी आम्ही गेलो. वाटेत गाडीत पद्मिनी काय बोलायचं ते पुटपुटत होती. लहान आहे, समजून घे, मनावर घेऊ नकोस.

हिमानीनं चहा केला. वागणं प्रेमाचंच होतं. "मला पैशाचं काही नाही गं," ती सियाला म्हणाली. "पण आपल्या माणसांत असं करतात का? तुझ्या आईनं आर्यला दोन वर्षं सांभाळलं. एक डॉलर कधी मागितला नाही."

सियाचा कप हातातच राहिला. "दोन वर्षं? रोज?"

"रोज. आठ ते सहा," हिमानी कौतुकानं म्हणाली. "म्हणून तर मी प्रमोशन घेऊ शकले."

सिया आईकडे वळली. "I thought he was my cousin. मला वाटायचं आर्य आपल्याच घरातला आहे. आई, you were working?"

पद्मिनीचा चेहरा पांढराफटक पडला होता. मग ती इतक्या हळू बोलली की हिमानीला "काय?" म्हणावं लागलं.

"तेव्हा मला पैसे घेता येत नव्हते," पद्मिनीनं पुन्हा सांगितलं, आता स्पष्ट. "नियमच होता. पण तू कधी विचारलंसुद्धा नाहीस, हिमानी."

"म्हणजे मी तुला वापरून घेतलं, असं म्हणायचंय तुला?"

"मला माहीत नाही. मला आत्ताच कळतंय."

मी कप खाली ठेवला. माझ्या ऑपरेशननंतर माझी मुलगी अनिका तीन महिने पद्मिनीकडे असायची. मी तिला एक साडी दिली होती आणि वर्षभर तिच्या तोंडून त्या साडीचं कौतुक ऐकलं होतं.

परतताना पद्मिनी गाडीत एकच वाक्य बोलली. "मी माफी मागायला गेले होते गं."

त्यानंतर तीन शनिवार हिमानीचा निरोप नाही. मग मला कळलं की तिनं एका ॲपवरून कॉलेजची मुलगी बोलावली होती, तासाला बावीस डॉलर देऊन. मी पद्मिनीला सांगितलं तेव्हा ती खुर्चीत बसलीच. "बावीस? नाव-गाव माहीत नसलेल्या मुलीला?" पुढचा अर्धा तास ती अधूनमधून तोच आकडा पुटपुटत होती.

चौथ्या आठवड्यात हिमानीचा सियाला मेसेज आला. सोळा चालेल, वेद तुझी आठवण काढतो. सिया जाते आता. पैसे तीनच्या ठोक्याला फोनवर येतात. हिमानी मात्र पूर्वीसारखी चहाला येत नाही, आणि त्याचं पद्मिनीला वाईट वाटतं. ती ते लपवतही नाही.

परवा धीर करून मी विषय काढला. म्हटलं, "पद्मिनी, माझ्याकडूनही तेच झालं."

"छे, तुझं काय!" ती हसली. "तू आजारी होतीस. आणि अनिका तर माझी..."

ती मध्येच थांबली. माझ्याकडे बघत राहिली, आणि मला तिच्या नजरेला नजर देता येईना.