टेकूताईचा उजवा हात

पडायला आलेल्या भिंतीला तिरकं लाकूड लावतात, त्याला टेकू म्हणतात. या गोष्टीतल्या बाईला टेकूताई हे नाव ठेवलं एका म्हाताऱ्या घड्याळजीने. लकव्याने त्याचं एक अंग गेलेलं, पण जीभ शाबूत, आणि तीही तिखट. ती त्याच्या कमरेला पट्टा बांधायला वाकली तेव्हा त्याने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, भिंत जुनी आहे बाई, टेकू तरी भक्कम आहे ना? सगळा हॉल हसला. नाव चिकटलं ते चिकटलंच. घड्याळजी बरा होऊन आपल्या पायांनी घरी गेला, नाव तेवढं मागे ठेवून गेला.

हॉल म्हणजे फिजिओथेरपीच्या केंद्राचा. लांबट खोली, मधोमध धरून चालायच्या लोखंडी दांड्यांची जोडी, समोर भिंतभर आरसा, वाळूच्या वजनाच्या पिशव्या, रंगीत रबरी पट्ट्या, आणि कोपऱ्यात एक लाकडी जिना. या बाजूने चार पायऱ्या चढायच्या, त्या बाजूने चार उतरायच्या. कुठेही न जाणारा जिना, पण तो चढण्यासाठी माणसं रडायची. कोणाला कोणता व्यायाम द्यायचा हे मॅडम ठरवायच्या, त्या शिकलेल्या. टेकूताईचं काम तो करून घेण्याचं. खुर्चीतून उठवताना ती "नाक पुढे, बूड वर" म्हणायची, कारण नाक पायाच्या बोटांपुढे गेल्याशिवाय बूड काही उचललं जात नाही. मोठमोठे साहेब लोक पहिल्यांदा हे ऐकून लाजायचे, दुसऱ्यांदा मुकाट्याने नाक पुढे करायचे.

चालवताना दुबळ्या बाजूला, अर्धं पाऊल मागे राहायचं आणि पाठीमागून पट्ट्यात हात घालायचा. सगळी विद्या त्या हातात. पट्टा धरायचा, उचलायचा नाही, असं मॅडमनी तिला पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं. माणूस पडायला लागला तरच हाताने जोर करायचा, एरवी हात नुसता असायचा. तसा नुसता हात ठेवणं किती अवघड असतं ते ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. टेकूताईला ते जमायचं. रोग्यांच्या नातेवाइकांना जमायचं नाही, म्हणून ती त्यांना फाडफाड बोलायची. एखादी बायको नवऱ्याला बखोटीला धरून ओढत असली की ही कमरेवर हात ठेवून उभी राहायची आणि विचारायची, वहिनी, चालतंय कोण, तुम्ही की ते? मायेने पाय बरे होत असते तर आम्हाला पगार कोणी दिला असता, हे वर ऐकवायची. बायका चिडायच्या. पण ऐकायच्या.

घरी ती आणि तिचा धाकटा भाऊ, दोघंच. तिचं लग्न मोडलेलं, त्याचं झालंच नाही. आई कामावर जायची तेव्हा याला हिनेच कडेवर वाढवला. तो पहिल्यांदा पावलं टाकायला लागला तेव्हा ही सारखी मागे हात पसरून धावायची, त्याला जरा झोक गेला की उचलायची. शेवटी आई वैतागली. तिने हिला खाली बसवलं आणि म्हणाली, हात मांडीखाली घे आणि बघत बस, पडू दे त्याला. मांडीखाली हात दाबून भावाला पडताना बघायचं, यापेक्षा मोठी शिक्षा तिला लहानपणी कुठली मिळाली नव्हती. हे ती पुढे हसत हसत सांगायची.

भाऊ लिफ्ट दुरुस्त करायचा. सगळ्या शहराला वर-खाली नेणारा माणूस, आणि राहायचा मात्र तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत. यावरून दोघं एकमेकांची खूप फिरकी घ्यायची. मग एका सकाळी दात घासता घासता त्याच्या डाव्या हातातून तांब्या पडला आणि त्या पाठोपाठ तो पडला. डावं अंग गेलं. जीव वाचला, बोलणं वाचलं, डोकं ठिकाणावर राहिलं. पाय मात्र लाकडासारखा झाला.

आता जिना. त्या घराचा जिना एवढा अरुंद की चाकाची खुर्ची वळतसुद्धा नाही. टेकूताई एकटी त्याला वर नेणार कशी आणि रोज खाली आणणार कशी? इस्पितळाने त्याला केंद्रात पाठवलं. तिथे मागच्या बाजूला काही खाटा होत्या, पण त्या सुधारणाऱ्यांसाठी. काही महिन्यांची मुदत मिळायची, ती संपली की मॅडम परीक्षा घेणार. लाकडी जिना आपल्या पायांनी चढला तर भाऊ घरी येणार. नाही चढला तर शहराच्या पार टोकाला, न चालणाऱ्यांच्या निवासात. तिथून परत आलेलं कोणी तिला माहीत नव्हतं. तिच्या तोंडचं पाणीच पळालं.

मदतनिसाने स्वतःच्या घरच्याला चालवायचं नाही, असा केंद्राचा नियम होता. मॅडमनी भावाला दुसऱ्या मदतनिसाकडे दिलं. हा मदतनीस अंगाने काडी, म्हणून त्याला सगळे पैलवान म्हणायचे. पैलवानाने पहिल्याच दिवशी त्याला दांड्यांमध्ये उभं केलं, डावा गुडघा मोडला, भाऊ लोंबकळला, आणि पैलवान शांतपणे म्हणाला, पुन्हा. लांबून टेकूताई हे बघत होती. तिचा जीव तिळतिळ तुटला. ती मॅडमकडे गेली, रडली, भांडली. मी त्याला पहिलं पाऊल टाकताना पाहिलंय, त्याचं शरीर माझ्याइतकं कोणाला कळणार, म्हणाली. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, दुसरं काय! इतक्या नातेवाइकांना शहाणपण शिकवलेली बाई, पण स्वतःवर वेळ आली तेव्हा शहाणपण खुंटीला टांगून मोकळी. मॅडम आधी नाही म्हणाल्या, मग त्यांनाही तिची दया आली. तिथेच माशी शिंकली.

टेकूताईने पट्टा धरला आणि भाऊ चालायला लागला. आधी दांड्यांमध्ये, मग दांड्यांबाहेर, मग आरशापर्यंत जाऊन परत. रोज थोडं पुढे. सगळे तोंडात बोट घालून बघायचे. बाकीच्या रोग्यांना त्याचा दाखला द्यायचे. मॅडम अधूनमधून विचारायच्या, किती आधार देतेस? नुसता हात आहे, मॅडम, ती सांगायची. आणि ती खोटं बोलत नव्हती. तिला खरंच तसं वाटत होतं. आरशात ती फक्त त्याच्या पावलांकडे बघायची, टाच आधी टेकते का, गुडघा मागे जातो का. तिचा उजवा खांदा एव्हाना दुखायला लागला होता. संध्याकाळी हात वर करून केस विंचरणं होईना. ती मलम चोळायची आणि वय झालं म्हणायची.

घरी तिने तयारी मांडली. जिन्याच्या कठड्याचा हलणारा भाग घट्ट करून घेतला. त्याची खाट खिडकीपाशी सरकवली. शेजारणींना सांगून टाकलं की येतोय, चालत येतोय. शेजारणी म्हणाल्या, तू टेकू असल्यावर कसली चिंता.

परीक्षेच्या दिवशी पट्टा मॅडमनी स्वतः धरला. तो नियमच होता. टेकूताई आरशाला पाठ लावून उभी राहिली, मनातून निश्चिंत. भाऊ खुर्चीतून उठायला गेला आणि अर्ध्यातच बसला. हसला. पुन्हा उठला, कसाबसा. लाकडी जिन्यापाशी पोचायच्या आधीच डावा गुडघा मोडला आणि मॅडमनी त्याला वरच्या वर झेलला. घाबरला असेल, मॅडम म्हणाल्या, थोडं पाणी द्या. पुन्हा प्रयत्न, पुन्हा गुडघा. टेकूताईने दोनदा पुढे येऊन सांगितलं की त्याला माझी सवय आहे, मला धरू द्या, बघा कसा चालतो.

मॅडमनी तिला धरू दिलं. भाऊ उठला आणि चालला. जिन्यापर्यंत गेला, पहिली पायरीही चढला. टेकूताईचा चेहरा उजळला. मॅडम मागून आल्या आणि त्यांनी आपली बोटं टेकूताईच्या तळव्यात, पट्ट्याखाली सरकवली. पट्टा इतका ताणलेला होता की बोटं चिमटली गेली. मॅडमनी तशीच ती राहू दिली आणि अगदी हळू विचारलं, "ताई, चालतंय कोण?"

तिचाच प्रश्न. हॉलमध्ये कोणी हसलं नाही. टेकूताईने आरशात पाहिलं, पहिल्यांदाच पावलांकडे न बघता. तिचा उजवा खांदा खाली दबलेला होता, दंडाची शीर फुगलेली, आणि त्या हाताला भावाचं निम्मं अंग टांगलेलं होतं. इतके दिवस.

मॅडमनी तिला आत नेऊन बसवलं. रागावल्या नाहीत, तेच वाईट झालं. चूक माझीही आहे, त्या म्हणाल्या, मी नियम मोडायला नको होता. मग त्यांनी तिला आधीपासून माहीत असलेलं सगळं पुन्हा सांगितलं. लकव्यानंतरचे पहिले महिने मोलाचे असतात, त्यात पायाने जेवढी धडपड केली तेवढी ती पुढे कामाला येते, आणि नंतर वेग मंदावतो. त्याच्या पायाने ते महिने धडपड केलीच नव्हती. त्याला करावीच लागली नव्हती. म्हणजे मीच त्याचे पाय खाल्ले, टेकूताई म्हणाली. मॅडम नाही म्हणाल्या असत्या तर तिला थोडा आधार झाला असता. केंद्रातली त्याची खाट दुसऱ्या कोणाला तरी द्यायची ठरलेली होती.

ती भावाच्या खाटेपाशी गेली तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. ती पायथ्याशी बसली आणि तिने त्याला सगळं कबूल केलं. मला कळलंच नाही रे, मला वाटलं तूच चालतोयस.

"मला कळत होतं," तो म्हणाला.

तिने वर पाहिलं.

"लिफ्ट काय आपली आपण वर जाते होय, ताई? तिच्यामागे वजन खाली येत असतं, म्हणून जाते. मला आरशात तुझा खांदा दिसायचा. मी वर उठलो की तो खाली जायचा. पहिल्या दिवसापासून."

मग बोलला का नाहीस, हे तिने विचारायच्या आत त्यानेच सांगितलं. तो म्हणाला की तू एवढी खूश होतीस, दिवसभर सगळ्यांना सांगत सुटायचीस. आणि मग भिंतीकडेच बघत म्हणाला, "आणि मला भीती वाटायची. पैलवान सोडायचा, तू सोडायची नाहीस."

त्या दिवशी घरी जाऊन टेकूताई धाय मोकलून रडली. शेजारणी विचारायला आल्या, तिने दार उघडलं नाही. खिडकीपाशी सरकवलेली खाट तिने मागे नेली नाही आणि तिच्यावर चादरही घातली नाही.

भावाला निवासात हलवलं. टेकूताई कामावर जात राहिली, जाणार कुठे? पण तिने पट्ट्याला हात लावणं सोडलं. गाद्या पुसायची, वजनाच्या पिशव्या मांडायची, रबरी पट्ट्या धुऊन वाळत घालायची. कोणी टेकूताई म्हणून हाक मारली की तिला कोणीतरी कानाखाली वाजवल्यासारखं व्हायचं. मॅडमनी एकदा तिला चालवण्याच्या कामावर परत बोलावलं. तिने हात जोडले. या हातावर माझाच भरवसा राहिला नाही, म्हणाली.

सुट्टीच्या दिवशी ती दोन बस बदलून निवासात जायची. तिथे व्यायाम करून घ्यायला कोणी नव्हतं. जेवू घालायचे, अंघोळ घालायचे, खुर्ची उन्हात नेऊन ठेवायचे. भावाच्या पायाचं मांस उतरत चाललं होतं. ती कामाच्या नजरेने ते बघायची आणि बघवायचं नाही.

एका सुट्टीला ती गेली तर भावाने आपली चाकाची खुर्ची व्हरांड्याच्या लोखंडी कठड्याला लावून घेतली होती, चाकं अडवलेली. समोर तिच्यासाठी एक स्टूल ठेवलं होतं. पट्टा कुठेच नव्हता. ती पिशवी ठेवून सवयीने त्याच्या डाव्या बाजूला, अर्धं पाऊल मागे जाऊन उभी राहिली.

"तिथे नाही," तो म्हणाला. "समोर बस. आणि हात मांडीखाली घे."

आईचं हे वाक्य त्याला कसं माहीत? तो तेव्हा धड बोलतही नव्हता. हिनेच कधीतरी हसत सांगितलेलं असणार. ती स्टुलावर बसली. दोन्ही तळवे मांडीखाली सरकवले आणि अंगाचा सगळा भार त्यांच्यावर टाकला.

त्याने नाक पुढे केलं. उजव्या हाताने कठडा धरला. बूड उचललं गेलं, डावा गुडघा थरथरला, आणि ती काही म्हणायच्या आत मोडला. तो तिरका खुर्चीत कोसळला, कोपर लोखंडावर आपटलं. त्याच्या तोंडून कळवळून आवाज निघाला. टेकूताईचा उजवा खांदा आपसूक पुढे झेपावला, तिने तो मागे ओढला.

दम लागला तसा तो थांबला. कोपर चोळलं. परत नाक पुढे केलं, परत गुडघा मोडला. हा पाय आता उठायचा नाही, हे इतकी वर्षं पाय पाहिलेल्या तिला दिसत होतं, आणि ते त्याला आपल्या चेहऱ्यावर दिसू नये म्हणून ती नजर हलवत नव्हती. डोळे पुसायलाही तिच्याकडे हात नव्हता.

तो पुन्हा पडला. मांडीखाली तिची बोटं बधिर झाली होती, पण तिने हात काढले नाहीत.