थर्माकोलची किल्ली

लातुरात गोल्फ कुणी खेळत नाही. तरीही गोल्फच्या मैदानावर फिरवायची एक गाडी आमच्या क्लासच्या वसतिगृहामागे कित्येक पावसाळे भिजत पडली होती. मी त्या क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवते. आमच्या सरांनी, म्हणजे क्लासच्या मालकांनी, ती पुण्याकडच्या कुठल्याशा रिसॉर्टकडून जुनीच आणलेली. प्रवेशाच्या दिवसांत पालकांना फाटकापासून वसतिगृहापर्यंत तिच्यातून फिरवायचं. देवणी-चाकूरकडून एसटीनं आलेला बाप त्या गाडीत बसला, की पोरगी डॉक्टर झालीच अशा थाटात टोपी नीट करायचा. एरवी मागच्या हौद्यात पाण्याचे जार आणि सराव परीक्षांचे गठ्ठे. आम्ही तिला बग्गी म्हणायचो. बॅटऱ्या बसल्या, तशी बग्गीही बसली. मग मेसमधल्या बायका तिच्या टपावर मिरच्या वाळत घालायला लागल्या.

ती बग्गी मला अण्णांसाठी हवी होती. अण्णा म्हणजे माझे वडील. भूकंपाच्या पहाटे आमच्या घराचं दगडमातीचं माळवद खाली आलं, त्यात आई गेली. अण्णांना ओढून काढलं तेव्हा त्यांचे गुडघे चेंगरलेले होते. मी बाहेर बाजेवर झोपले होते म्हणून मला खरचटलंसुद्धा नाही. त्या गुडघ्यांनी अण्णांना म्हातारपणापर्यंत कशीबशी साथ दिली आणि मग सरळ संप पुकारला.

नवं गाव सरकारनं लांब माळावर वसवलं. रानं मात्र जुन्या गावाशीच राहिली. रान कुठं उचलून नेणार? मधली वाट काळ्या मातीची, रिक्षावाले तोंड फिरवतात. शेजारपाजारचे मोटरसायकलवरून न्यायला तयार असायचे, पण दुसऱ्याच्या गाडीवर बसायचं म्हणजे दुसऱ्याच्या वेळेला बसायचं, आणि अण्णांना ते जमलं नाही. शेवटी रान बटईनं, अर्ध्या वाट्यावर, कसायला दिलं. त्यानंतर ते ओट्यावर बसून रानाच्या दिशेनं बघत राहायचे. फोनवर बोलायला विषय उरले नाहीत. ‘जेवलो’ आणि ‘हाय बरं’ एवढ्यावर आमचं संभाषण आलं. माणूस बसल्या जागी विझत चालला होता आणि मी लातुरात पोरांना पेशींचा मृत्यू शिकवत होते.

सरकारच्या अपंग योजनेतली तीनचाकी सायकल त्यांनी आल्या पावली परत पाठवली होती. कारण एकच शब्द: मदतीतलं.

हा शब्द बाहेरच्यांना कळायचा नाही. भूकंपानंतर आमच्या भागात ट्रक यायचे. ब्लँकेटं, भांडी, बिस्किटं, आणि देशभरातल्या घरांनी कपाटं रिकामी करून पाठवलेले कपडे. टायसकट कोट आले, झुळझुळीत गाऊन आले, एका आजोबांना शाळेच्या गणवेशातली हाफपँट आली. रांग लावायची. वस्तू हातात मिळाली तरी लगेच आपली व्हायची नाही. देणाऱ्यानं एक टोक धरायचं, घेणाऱ्यानं दुसरं, फोटो निघाला की मगच देणारा सोडायचा. फोटो बिघडला तर पुन्हा धरायचं. अण्णा त्या रांगेत एकदाही उभे राहिले नाहीत. मी राहिले. मी शाळकरी होते, मला थंडी वाजायची, आणि शिवाय मला एक मोती लावलेला फ्रॉक दिसला होता. पुढं शाळेत पोरी एकमेकींचे कपडे चिमटीत धरून विचारायच्या, “मदतीतलं हाय का ग?” स्वतःचाही तसलाच असला तरी. अजूनही आमच्या गावात कुठलीही जुनी वस्तू दिसली की हाच प्रश्न येतो.

म्हणून मी ठरवलं, बग्गी घ्यायची ती विकत. सरांना विचारलं. ते हसले, “मॅडम, न्या की. भंगारच आहे.” मी म्हटलं, “तशी नको सर, किंमत सांगा.” त्यांनी भंगारवाल्यापेक्षा थोडी जास्तच किंमत सांगितली. माझ्या पगारातून ती हप्त्यानं कापायची ठरली. मला बरं वाटलं.

टेम्पोत घालून बग्गी नांदेडला नेली, कारण यात्रेकरूंच्या बॅटरीगाड्या तिकडं चालतात आणि त्या दुरुस्त करणारा एक मिस्त्री माझ्या मैत्रिणीच्या ओळखीचा होता. मिस्त्री बोलण्यात पटाईत आणि वेळेच्या बाबतीत निर्लज्ज. “म्याडम, टेन्शन कशाला घेऊन राहिल्या? उद्या या.” मी किती ‘उद्या’ लातूर-नांदेड केलं याचा हिशोब नको. आधी सांगाडा खरवडला तर खालचा पत्रा पापडासारखा हातात आला. तो नवा ठोकला. बसलेल्या बॅटऱ्या काढून ई-रिक्षाच्या घातल्या, वायरिंग उंदरांनी खाल्लं होतं ते सगळं नवं केलं. काळ्या मातीत रुतू नये म्हणून स्प्रिंगचे पाटे उचलून खोल नक्षीचे जाड टायर बसवले. हौद्याला कडबा मावेल अशा उंच फळ्या लावल्या. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, अण्णांच्या पायात जोर नाही म्हणून पायाचा वेग हातात आणला, ई-रिक्षासारखी पिळायची मूठ, आणि शेजारी ब्रेकचा दांडा. मी हिरवा रंग सांगितला होता. मिस्त्रीकडं निळा शिल्लक होता, त्यामुळं बग्गी निळी झाली. दर्शनी भागावर क्लासचं मोठं स्टिकर होतं, ते मात्र मी स्वतः बसून, पाण्यानं भिजवून नखांनी काढलं. मिस्त्री म्हणाला, “राहू द्या की, शोभते.” मी म्हटलं, “तीच तर अडचण आहे.”

गावात गाडी उतरवली तेव्हा अण्णा ओट्यावरून हलले नाहीत. लांबूनच विचारलं, “मदतीतलं न्हाई ना?”

“न्हाई अण्णा. इकत घेतली. माझ्या पगारातून.”

“कशाची गाडी म्हणायची ही?”

“गोल्फची. मोठ्या मैदानात काठीनं चेंडू हाणत लांबवर चालत जायचं, असा खेळ असतोय.”

“चालायच्या खेळाला गाडी कशाला?”

असं विचारून ते हसले. कितीतरी दिवसांनी मी त्यांना हसताना बघितलं. मग हळद-कुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला, आणि आयुष्यभर देवणी बैल हाकलेला माणूस मूठ पिळून निघाला. कोपऱ्यावर त्यांनी मूठ सोडली आणि बैलाला म्हणतात तसं “होऽऽऽ, हो” केलं. मूठ सोडल्यावर गाडी आपोआप मंदावते, पण अण्णांची खात्री पटली की तिनं ऐकलं. “गुणाची हाय,” म्हणाले. ब्रेकचा दांडा त्यांनी उताराच्या नाल्यापर्यंत वापरलाच नाही आणि तिथं आम्ही दोघं बाभळीत जाता जाता वाचलो.

त्यानंतरचे दिवस सोन्यासारखे होते. रोज फोन यायचा, तोही त्यांचाच. तुरीला फुलं किती धरली, बटईवाल्यानं बांध कसा कोरला, वाटेत कुणाला गाडीत बसवलं. “पुढच्या साली बटई बंद. मीच बघतो रान.” मी वर्गात शिकवतानासुद्धा फोन उचलायला लागले.

मी आनंदाच्या भरात हे सगळं स्टाफरूममध्ये सांगितलं. सरांच्या कानावर गेलं. “मॅडम, रविवारी आम्हीच येतो गावात. अण्णांना भेटायचंय.” मला वाटलं, मोठा माणूस आहे, आपल्या बापाला भेटायला येतोय. मी आदल्या दिवशी गावी गेले, शेंगाची चटणी कुटली, पुरण घातलं.

ते दोन गाड्यांतून आले. एका गाडीतून क्लासचे टी-शर्ट घातलेली पोरं उतरली, एक फोटोग्राफर उतरला आणि एक गुंडाळलेला फ्लेक्स उतरला. पोरांनी तो आमच्या ओट्याच्या खांबांना बांधला. त्यावर सरांचा हात जोडलेला फोटो, आणि खाली मोठ्या अक्षरात: ‘भूकंपग्रस्त शेतकरी बांधवास बॅटरीवाहन सप्रेम भेट’. एकानं बग्गीच्या तोंडावर नवं कोरं स्टिकर चिकटवलं, मी नखांनी काढलेल्या जागीच. मी सरांना बाजूला घेतलं. “सर, ही तर मी विकत घेतली ना?”

“अहो, घेतलीच आहे. नाही कोण म्हणतंय? पण बाजारात अशी गाडी किती पडते? मग वरचा फरक ही भेटच नाही का? पुढच्या वर्षाचे प्रवेश सुरू झालेत मॅडम, एवढं समजून घ्या. तुमचीच संस्था आहे.”

गल्ली जमली होती. सगळे वाचत होते. अण्णांना सही करण्यापुरतं आणि पाटी वाचण्यापुरतं वाचता येतं. ते फ्लेक्स अक्षर-अक्षर लावत होते, मला त्यांचे ओठ हलताना दिसत होते. ‘भेट’ या शब्दावर ते ओठ थांबले आणि त्यांनी माझ्याकडं बघितलं.

तेव्हाच बोलायला पाहिजे होतं. मोठ्यानं, सगळ्यांसमोर: ही गाडी आमची आहे. एवढं एकच वाक्य. पण सर शेजारी उभे होते, माझा करार दर वर्षी त्यांच्या सहीनं पुढं सरकतो, आणि पाहुणा घरी आलेला. मी मान खाली घातली. आजही तो क्षण आठवला की कान तापतात. दीडशे पोरांसमोर माइकवर खणखणीत बोलणारी बाई, स्वतःच्या ओट्यावर तिची वाचा बसली.

अण्णांना काय समजायचं ते समजलं. ते आत गेले, भिंतीला धरून. मला वाटलं, आता दार लावून घेणार. लावलं असतं तर किती बरं झालं असतं. पण ते बाहेर आले ते धुतलेली टोपी घालून.

एवढ्या मोठ्या गाडीचं टोक कुणी धरायचं, म्हणून थर्माकोलची चांगली हातभर किल्ली आणली होती, सोनेरी कागद लावलेली. सरांनी एक टोक धरलं, अण्णांनी दुसरं. जो माणूस त्या काळात थंडीत कुडकुडला पण रांगेत गेला नाही, तो किल्ली धरून उभा राहिला, आणि कुणी न सांगता कॅमेऱ्याकडं बघितलं. ऊन आडवं आलं म्हणून पहिला फोटो बिघडला. अण्णांनी किल्ली सोडली नाही. “घ्या पुन्यांदा,” म्हणाले. मग मला हाक मारली, “ये माय, तू बी ये. असं धर.” मी जाऊन धरलं. थर्माकोल इतकं हलकं होतं, की कोण धरतंय आणि कोण सोडतंय हे कळतसुद्धा नव्हतं.

पुरणपोळी सरांनी आवडीनं खाल्ली. अण्णांनी त्यांना तुपाची वाटी स्वतः पुढं केली. “पोरीला संबाळून घ्या साहेब,” म्हणाले. मला वाटलं, जमीन पुन्हा एकदा हलावी.

गाड्या गेल्यावर मी फ्लेक्स टराटरा काढला, स्टिकर खरवडलं आणि रडत सगळं सांगितलं. पगारातून कसे पैसे कापतात ते सांगितलं, फोनवर कपातीचा आकडा दाखवला. अण्णांनी फोन लांब धरून बघितला. “कागद काय बाई, मदतीला बी कागद असायचा.” मी चिडले, ओरडले, आईची शपथ घेतली. त्यावर ते घाईनं म्हणाले, “शपथ घालू नगं. हाय की. इकतच घेतलीस.”

दुसऱ्या रविवारी गेले तर बग्गी कडुलिंबाखाली उभी. सीटवर पाला साचलेला, चार्जरची वायर गुंडाळून खिळ्याला टांगलेली. अण्णा पुन्हा ओट्यावर. मी चहा केला, कप पुढं ठेवला आणि तिथंच पायरीवर बसले. चहावर साय धरली.

“तुझं तोंड का असं?” अण्णा म्हणाले. मग भिंत धरून उठले, खांद्यावरच्या टॉवेलनं सीटवरचा पाला झटकला आणि चढून बसले. “चल. रानात जाऊन येऊ. तूर बघू.”

मी शेजारी बसले. जुन्या गावाचे पडके दगड मागं पडले. शेवटी मी न राहवून म्हटलं, “अण्णा, खरंच आपली हाय ही गाडी.”

“हाव माय,” ते म्हणाले, “आपलीच हाय.”

निकाल लागल्यावर नापास झालेल्या पोरीला तिचा बाप आमच्या ऑफिसबाहेर ‘पेपरच अवघड होता’ म्हणतो ना, तो आवाज. त्याचा त्यावर विश्वास नसतो, पोरीचाही नसतो. आता अण्णा रोज रानात जातात. बटई मोडली, तूर चांगली आली, पोटही थोडं सुटलंय. गावात सगळे म्हणतात, पोरीनं बापाला सुखात ठेवलं. आणि मी दर रविवारी त्यांच्या शेजारी बसते तेव्हा मला माहीत असतं, की जन्मात कुणाचं फुकट न घेतलेला हा माणूस रोज सकाळी माझ्यासाठी भीक घेतल्यासारखा त्या गाडीत चढतो, आणि ती भीक नव्हती हे त्याला पटेल असं माझ्याकडं आता काहीच नाही.