चिप येईना, सुरमई मिळेना

लॅपटॉपच्या दुकानात स्टॉक संपतो, किस्से कधी संपत नाहीत! उलट माल जितका उशिरा येतो तितके किस्से जास्त साठतात. कारण गिऱ्हाईक तसंच परत जात नाही; बसतं, चहा मागतं आणि बोलतं. लालबागच्या अशाच एका दुकानात मी नऊ वर्षं आहे. मशीन विकते मीच, दुरुस्त करते मीच आणि माल नसला की शिव्याही मीच खाते. मालक परबकाका. मूळचे मालवणचे, जन्म इथल्याच चाळीतला, आणि राग आला की बोलणं थेट मालवणात पोचतं. गेल्या वर्षी एका नव्या मॉडेलने आम्हा दोघांना जे नाचवलं, त्यातले हे काही नमुने.

* * *

सुरुवात झाली ती कंपनीच्या फोनने. नवं मॉडेल येणार, आत नवी चिप, जुन्याच्या दुप्पट वेग! "पहिल्या क्वार्टरच्या शेवटी नक्की," असं कंपनीचे एरिया मॅनेजर बोरकर साहेब म्हणाले.

आता आमच्याकडे क्वार्टर कोण विचारतो? लोक विचारतात, सणाच्या आधी की नंतर? म्हणून कंपनीकडून आलेली प्रत्येक तारीख परबकाका भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये बघून सणात बदलून घेतात. त्यांनी बोट फिरवलं आणि जाहीर केलं, "पाडवो!"

पाडवा गेला. फोन केला तर दुसरा क्वार्टर. काकांनी बोट खाली सरकवलं. "वटपौर्णिमा!" तीही जाणार अशी कुणकुण लागली, तेव्हा तिसरा क्वार्टर. "गणपती!"

मी म्हटलं, "काका, असंच चाललं तर शिमग्याला भेटेल."

"गप ऱ्हव गो श्वेते. माका माझो शब्द पाळूचो आसा!"

* * *

शब्द कोणाला दिला होता, ते सांगते. दुकानाच्या मागेच मासळी बाजार आहे, तिथे हिराबाई बसते. तिची मुलगी रुपाली ॲनिमेशन शिकते, शेवटचं वर्ष. आजीच्या होडीवर छोटा सिनेमा करत होती. काम कॉलेजच्या लॅबमध्ये चालायचं, पण गणपतीत लॅब बंद राहणार आणि विसर्जन झालं की दुसऱ्या दिवशी सिनेमा जमा करायचा. म्हणजे ते अकरा दिवस घरी स्वतःचं मशीन हवंच, नाहीतर वर्ष गेलं.

हिराबाई आली तेव्हा मी गेल्या वर्षीचं मॉडेल समोर ठेवलं. तिने झाकण दोन बोटांनी किंचित उचललं, आत डोकावून पाहिलं, अंगठ्याने दाबलं. माशाचे कल्ले बघावेत तसं!

"ह्यो कवाचा गं?"

"गेल्या वर्षीचा आहे, पण सीलपॅक. हात लागला नाही कोणाचा."

"बर्फात ठेवला म्हनून बांगडा ताजा व्हतो काय?"

मी आजवर रॅमपासून बॅटरीपर्यंत हजार प्रश्नांना उत्तरं दिली आहेत. बांगड्याचा प्रश्न पहिलाच. शिवाय तिचं बरोबरच होतं! रुपालीची फाइल त्यावर लावून बघितली, तर पंखा मिक्सरसारखा घरघरला आणि मशीन बंदच पडलं.

तेव्हा काका छातीवर हात ठेवून म्हणाले होते, "बाय, थांब. घाई करू नको. वरून माल इलो की पयलो फोन तुकाच!"

हे वाक्य ते दिवसातून वीस वेळा म्हणतात. पण ह्या वेळी त्यांनी वहीत पहिलं नाव लिहून त्याखाली लाल रेघ ओढली होती.

* * *

मे महिन्यात बोरकर साहेबांनी सगळ्या दुकानदारांना दादरच्या एका हॉलमध्ये बोलावलं. एसी, बटाटेवडे, पडद्यावर रंगीत बाण. साहेब म्हणाले, "आमच्याकडून सगळं तयार आहे. फक्त चिप आली नाही."

काकांनी हात वर केला. "चिप कोण करता?"

"ती दुसरी कंपनी देते."

"ती खय करता?"

"ती करत नाही. डिझाइन करते. बनवते तिसरी कंपनी."

"मगे तिका धरा!"

"तिच्याकडे रांग आहे हो. आणि तिची मशीन्स येतात चौथीकडून."

काका खुर्चीवरून उठले. इतक्या दिवसांचं ओझं उतरल्यासारखा त्यांचा चेहरा उजळला आणि ते सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "अरे, म्हणजे तुमचा पण दुकानच आसा!"

बटाटेवडे वाढणारे वाढपीसुद्धा हसले. बोरकर साहेब सोडून सगळे.

* * *

ही गंमत काकांनी आनंदाने हिराबाईला जाऊन सांगितली. तीच चूक झाली! तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि कोयता खाली ठेवला.

"म्हंजे वरून माल येत नाय, म्हनून तू देत नाय?"

"होय."

"बरं. मग आजपासून तुला सुरमई नाय."

दर बुधवारी आणि शुक्रवारी सुरमईच्या मधल्या तुकड्या काकांसाठी बाजूला असायच्या. त्या बंद! समोर टोपलीत सुरमई चमकतेय आणि हिराबाई म्हणतेय, "वरून माल नाय रं परबा. तुझं नाव लिवून ठेवलंय." बाजारातल्या बाकीच्या बायकांनाही तिने सांगून ठेवलं होतं. एकीनेही काकांना तुकडी दिली नाही.

काकांना वाटलं, आठ दिवसांत विसरेल. मे महिनाभर हिराबाईची बंदी. जून-जुलै समुद्रावर सरकारची बंदी. मग लागला श्रावण! मालवणी माणूस आणि चार महिने डाळभात! काकांची पँट ढिली व्हायला लागली. दुपारी डबा उघडला की ते भोपळ्याच्या भाजीकडे असे बघायचे की मला मान फिरवून हसावं लागायचं.

* * *

श्रावणातल्या एका सोमवारी काकांनी ठरवलं, आता गाऱ्हाणं घालायचं! मालवणी माणसाचा कुठलाही मामला शेवटी देवाच्या कोर्टात जातो. दुकानातल्या फोटोसमोर नारळ ठेवला. नेमके त्याच वेळी बोरकर साहेब जुना स्टॉक मोजायला आले होते. माणूस नागपूरचा, त्याला हा प्रकार नवीन. मी सांगितलं, "साहेब, काका थांबले की सगळ्यांबरोबर 'होय महाराजा' म्हणायचं. बस्स."

काकांनी हात जोडले. "बा देवा महाराजा! आज जो काय हो नारळ तुझ्या पायाकडे ठेवलो आसा, तो मान्य करून घे रे महाराजा!"

"होय महाराजा!" दुकानातली चार गिऱ्हाइकं, मी आणि साहेब.

"चिप करणाऱ्या त्या लोकांच्या मशिनीक कोणाची नजर लागली असात, काय बाधा झाली असात, ती दूर कर रे महाराजा!"

"होय महाराजा!" साहेब रंगात आले. आवाज चढला.

"हिराबायच्या चेडवाचा वर्ष फुकट जाव देव नको रे महाराजा!"

"होय महाराजा!"

"आणि मुंबईत येणारो पयलो पीस बोरकर साहेब दुसऱ्या खयच्याच दुकानाक न देता हयच पाठवतीत रे महाराजा!"

"होय महाराजा!!"

सगळ्यांत मोठा आवाज साहेबांचा होता. मग ते थांबले आणि माझ्याकडे बघायला लागले. मी त्यांच्या हातात प्रसादाचं खोबरं ठेवलं.

* * *

एक प्रसंग मात्र हसण्यासारखा नव्हता. गणपतीला पाच दिवस उरले असताना रुपाली दुकानात आली. म्हणाली, "काका, राहू दे. मी सिनेमा अर्धा कापते. होडी पाण्यात जाते तिथेच संपवते. पास तरी होईन."

"आणि पुढे काय होता?"

"पुढे ती परत येते. तोच भाग राहिलाय."

ती गेल्यावर काकांनी वही काढली आणि त्या लाल रेघेवर बोट ठेवलं. "थांब म्हटलंय ता मीच गो," एवढंच म्हणाले. मला फार वाईट वाटलं.

* * *

आणि हरताळकेच्या दुपारी फोन वाजला! पीस आला. एकच. बोरकर साहेबांनी स्वतः पाठवलेला! ("देवासमोर हो म्हटलं होतं हो," असं ते नंतर म्हणाले.) पण गाडी अडकली हिंदमाताला. पुढे रस्ता बंद, माणसंच माणसं.

काका आणि मी पळत निघालो. काकांच्या हातात पाट आणि लाल रुमाल होता, कारण संध्याकाळी त्यांना घरचा गणपती आणायचा होता. हिंदमाताला खोका ताब्यात घेतला. गर्दीत धक्का लागू नये म्हणून पाटावर ठेवला, वर गुलाल पडू नये म्हणून रुमाल घातला, आणि काकांनी पाट डोक्यावर घेतला.

दहा पावलं गेलो नाही तोच कोणीतरी ओरडलं, "गणपती बाप्पा..."

"मोरया!"

गर्दी दुभंगली! स्वयंसेवकांनी दोर वर उचलला. एका आजींनी वाकून नमस्कार केला, कोणी वर जास्वंद ठेवलं. मी बाजूने झांज नसताना टाळ्या वाजवत चालले होते, दुसरं करणार काय? काका पुटपुटत होते, "बाप्पा, माफ कर. मी कोणाक काय बोललंय नाय. कोणी इचारलाच नाय!"

थेट मासळी बाजारात हिराबाईच्या ओट्यासमोर पाट उतरवला. रुपालीने खोका उघडला. हिराबाईने पदराला हात पुसले, झाकण दोन बोटांनी उचललं, आत पाहिलं, अंगठ्याने दाबलं आणि आख्ख्या बाजाराला ओरडून सांगितलं, "ताजा हाय!"

रुपालीने बटण दाबलं. स्क्रीन उजळली. पोरगी हसता हसता रडायला लागली, काकांनी लाल रुमालाने डोळे पुसले आणि मीही.

हिराबाईने बर्फात हात घातला आणि हातभर लांब सुरमई बाहेर काढली. "घे रं परबा! तुझा नंबर लागला!"

काकांनी सुरमईकडे पाहिलं. मग पाटाकडे. "बाय, आज सांजेक घरात गणपती येतलो. अकरा दिवसांचो."

"मग विसर्जन झालं का ये."

"मगे पितृपक्ष गो."

"त्यो संपला का ये."

"मगे नवरात्र."

हिराबाईने सुरमई परत बर्फात ठेवली, वर गोणपाट ओढलं, छातीवर हात ठेवला आणि अगदी गोड आवाजात म्हणाली, "दसऱ्याला नक्की. वरून माल आला की पयला फोन तुलाच!"