खिंडजाईचं बूच

माझी दोन मुलं जन्मल्यापासून दहा दिवसांच्या आत गेली. दुसरं गेलं त्या दिवसापासून मी देवापुढे हात जोडणं सोडून दिलं. कुणी विचारलं तर वेळ मिळत नाही म्हणून सांगायचो, पण खरी गोष्ट अशी की मी रुसलो होतो. बोर्ली पंचतनला माझी भाताची गिरणी होती. दिवसभर ऑइल इंजिनाशी झटापट करणारा माणूस मी. इंजिन बंद पडलं तर का पडलं ते शोधता येतं, पाना लावता येतो आणि ते पुन्हा सुरू होतं. देवाच्या कारभारात असा जाब विचारायची सोय नाही, असं मी चारचौघांत म्हणत असे, आणि आपण फार हुशारीचं बोललो असं वाटून खूशही होत असे. माझी पत्नी द्वारका हे ऐकून देवासमोर जायची. ती माझ्या वाटचाही नमस्कार करून मोकळी व्हायची.

माझा सगळा जीव माझ्या फटफटीवर होता. लढाईत गोऱ्या शिपायांनी वापरून टाकलेली ती गाडी मी मुंबईहून आणली होती. पंचक्रोशीत तशी दुसरी नव्हती. तिच्या पेट्रोलच्या नळाला मात्र खोड होती. टाकीच्या तळाशी हा नळ असतो आणि त्याच्या आत बुचाचं छोटंसं कडं असतं. ते कडं वाळून आकसलं होतं, त्यामुळे नळ ठिबकायचा. नवीन कडं मुंबईहून मागवायला हवं होतं, पण भातकापणी संपून गिरणीवर गर्दी उसळलेली. मी आपला रोज सकाळी ओला साबण चोळून नळाच्या फटी बुजवत होतो. "माझ्यापेक्षा तिलाच जास्त साबण लागतो," असं द्वारका चिडवायची. त्या वेळी तिला नववा महिना लागला होता. तिसऱ्या खेपेचा.

कार्तिकातल्या एका सकाळी तिच्या पोटात कळा सुरू झाल्या. गावची सुईण अनुभवी होती, पण तिने पोट चाचपलं आणि मला बाहेर बोलावून सांगितलं, "मूल पायाळू हाय. पाय खाली, डोस्कं वर. माझ्या एकटीचं काम न्हाय. म्हसळ्याच्या बाईला घेऊन या, दिवस मावळायच्या आत." म्हसळ्याच्या दवाखान्यात एक नर्सबाई होत्या आणि अशा अडलेल्या बायका सोडवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. मी गाडीला किक मारायला निघालो तेवढ्यात द्वारकेने आतून हाक मारली. घामाने तिचं कुंकू ओघळलं होतं. ती म्हणाली, "अहो, येताना खिंडजाईचं बूच घेऊन या."

आमच्याकडे म्हसळ्याच्या वाटेवर एक खिंड आहे. तिथे खिंडजाईचं कौलारू देऊळ, आणि देवळापुढे बुचाचं उंचच उंच झाड. लांब दांड्यांची पांढरी सुवासिक फुलं येतात ना, ते बूच. बाळंतिणीच्या उशाखाली त्या झाडाचं फूल ठेवायची आमच्या भागात रीत आहे. मात्र फूल तोडायचं नाही, आपसूक पडलेलंच उचलायचं. पहिल्या दोन्ही वेळी मीच ती फुलं आणून दिली होती. म्हणून त्या दिवशी माझं डोकं फिरलं. "दोनदा आणलं, काय उपयोग झाला? आता नर्स आणतो, ती पुरे," असं मी बोललो आणि निघालो. कळा सोसणाऱ्या बाईला असं बोलावं का? आज लिहितानाही शरम वाटते. खिंडीत पोचलो तेव्हा रस्ताभर फुलांचा सडा पडला होता. मी थांबलो नाही. गाडी त्या फुलांवरूनच नेली.

म्हसळ्याला नर्सबाई एका घरी गेल्या होत्या, त्यांना शोधून आणण्यात दुपार झाली. बाई घाटावरच्या, अंगाने भरलेल्या आणि आवाजाने खणखणीत. फटफटीवर त्या जन्मात बसल्या नव्हत्या. मांडीवर औषधांची पिशवी, त्यावर छत्री आडवी, आणि एका हातात माझ्या सदऱ्याची कॉलर अशी घट्ट धरलेली, की वळणावळणावर मला गळफास बसत होता. "गिरणीवाले, मी पडले तर तुमच्या बायकोला कोण सोडवणार? हळू!" असं त्या ओरडायच्या, आणि जरा हळू केलं की, "असं मुंगीसारखं काय चालवता?" म्हणायच्या. एवढ्या काळजीतही मला हसू येत होतं.

खिंडीच्या चढावर पेट्रोलचा वास येऊ लागला. खाली पाहिलं तर नळातून धार लागलेली. उतरून नळ बंद करायला फिरवला, तर आतल्या कड्याचा पार भुगा झाला आणि धार आणखीच वाढली. मी भोकाखाली ओंजळ धरली. नर्सबाईंनी मात्र क्षणाचाही विचार न करता पिशवीतून इनॅमलचं मोठं भांडं काढलं आणि धारेखाली ठेवलं. "हे मला आता दहा वेळा उकळावं लागणार," एवढंच त्या म्हणाल्या. टाकीत उरलेलं पेट्रोल भांड्यात आलं, पण ते टाकीत परत ओतून राहणार कुठे? साबण अशा उघड्या भोकाला काय करणार! चिंधीतून पेट्रोल पाझरतं, रबर त्यात फुगतं. हवं होतं फक्त बोटाच्या पेराएवढं बूच. घर अजून पाच कोस होतं. एकच एस.टी. होती, ती सकाळीच गेलेली. चालत निघालो असतो तर रात्र झाली असती, आणि सुईणीचे शब्द माझ्या कानात होते.

गाडी बंद पडली ती देवळापासून हाकेच्या अंतरावर. तिथे राहणारी म्हातारी गुरवीण आवाज ऐकून पायरीवर येऊन उभी राहिली होती. मी धावत गेलो आणि ओरडलो, "मावशी, बूच आहे का बूच? बायको अडलीये माझी!"

"हाय की! न्हाय कसं आसंल?" ती म्हणाली, आणि लगबगीने वाकून खाली पडलेली फुलं वेचू लागली. केळीच्या पानाच्या तुकड्यात ओंजळभर फुलं घालून तिने माझ्यापुढे धरली. "घे. उशाखाली ठेव. आई सोडवील तिला."

मी त्या फुलांकडे बघतच राहिलो. "हे नको! बाटलीचं बूच हवंय, गाडीला बसवायला!" असं मी जवळजवळ खेकसलो. मागे नर्सबाईंनी तोंडाला पदर लावला होता. त्या हसत होत्या हे मला कळलं आणि माझा संताप आणखी वाढला. म्हातारी मात्र चिडली नाही. "मंग तसं बोल की. बाटलीचं बूच बी आईच्या ह्या झाडाचंच आस्तंय," असं म्हणून ती आत गेली आणि समईच्या तेलाची बाटली घेऊन आली. बाटलीच्या तोंडात एक जाड, करड्या रंगाचा गुळगुळीत तुकडा बसवला होता. त्या झाडाच्या सालीचा. मी नखाने दाबून पाहिलं. हलकं, लवचीक, अगदी विलायती बुचासारखं. एवढी वर्षं या झाडाखालून येतोजातो, आणि त्याला बूच का म्हणतात हा विचार माझ्यासारख्या कारागिराच्या डोक्यात कधी आला नव्हता.

मी खिशातला चाकू काढला आणि झाडाकडे वळलो. म्हातारी आडवी आली. "सुरी न्हाय लावायची. फूल आसू दे न्हायतर साल, पडंल ती घ्यायची." खाली पडलेल्या साली मी चाळून पाहिल्या. सगळ्या पातळ, बोटांत चुरा होणाऱ्या. मग माझा तोल सुटला. मी त्या माउलीला काय काय बोललो! माझी दोन लेकरं गेली तेव्हा तुझी देवी कुठे होती, तिसरं जाईल तेव्हाही ती ही साल कवटाळून बसणार का, असंही बोललो. बोलता बोलता मी पायरीवर मटकन बसलो. लहान मुलासारखा रडलो. दोन्ही मुलांच्या वेळी मी रडलो नव्हतो, कामाला लागलो होतो. ते सगळं त्या परक्या बाईसमोर बाहेर आलं.

ती माझ्याशेजारी बसली.  मग तिने तेलाच्या बाटलीचं बूच फिरवून काढलं, पदराने पुसलं आणि माझ्या हातावर ठेवलं. "ही पडलेलीच हाय. मोठ्या वादळात एक ढलपी पडली व्हती, तवाची. आईच्या तेलाची हाय, पन आईला काय, ती चिंधी लावून बी भागवील." बाटलीच्या तोंडात तिने चिंधीचा बोळा खुपसला. झाडाकडे बघून हात जोडले आणि मला म्हणाली, "ऊठ आता. रडून गाडी चालते व्हय?"

बूच चाकूने तासून गोल केलं, पण कड्याला मधोमध भोक हवं, त्यातून नळाची दांडी जाते. बूच टोचायला गेलं की फाटतं, भोक जाळून पाडावं लागतं. म्हातारीने दाभण दिलं. विस्तव मात्र गाडीपासून दूर हवा, आणि म्हातारीची चूल विझलेली, त्यामुळे विस्तव होता तो फक्त गाभाऱ्यातल्या समईचा. "आत जा, गिरणीवाले, आणि पेट्रोलचे हात आधी मातीने पुसा, नाहीतर तुम्हालाच सोडवायची वेळ यायची," नर्सबाई म्हणाल्या. गाभाऱ्याचं दार असं ठेंगणं, की माझ्यासारख्या उंच माणसाला कंबरेत वाकल्याशिवाय आत जाता येईना. आत समईपुढे मांडी घालून मी ज्योतीत दाभण धरलं, तापवलं, बुचात थोडं घातलं, पुन्हा तापवलं. ज्योत लहान होती, तिच्यावर मान झुकवूनच बसावं लागलं. शेंदूर फासलेला देवीचा ओबडधोबड दगडी तांदळा आणि त्याच्यापुढे मी, मान खाली घालून. नवस मी बोललो नाही, काही मागितलंही नाही. हातातलं भोक वाकडं जाऊ नये एवढंच मनात होतं. पण दोन वर्षं छातीत जे आवळून धरलं होतं, ते सैल झाल्यासारखं वाटलं. बुचाच्या जळण्याचा आणि बाहेरच्या फुलांचा असे दोन्ही वास येत होते. मला एकाएकी फार बरं वाटलं. का, ते मी तेव्हाही शोधलं नाही.

कडं नळात बसवलं, नळ आवळला, नर्सबाईंच्या मलमलीच्या फडक्यातून पेट्रोल गाळून टाकीत ओतलं आणि आम्ही तिघंही वाकून बघत राहिलो. एक थेंब आला. दुसरा यायला वेळ लागला. तिसरा आलाच नाही. नर्सबाईंनी टाळी वाजवली, म्हातारीने तोंडाचं बोळकं पसरून हसत माझ्या पाठीत धपाटा घातला, आणि मी तिच्या पायांवर डोकं ठेवलं. तिने केळीच्या पानातली ती फुलं नर्सबाईंच्या पिशवीत घातली. खिंड उतरताना पेट्रोल वाचावं म्हणून मी इंजिन बंद ठेवलं आणि गाडी नुसती घरंगळत सोडली. नर्सबाई मागे बसून चक्क गाणं गुणगुणत होत्या. माझी कॉलर मात्र त्यांनी सोडली नव्हती.

घरी पोचलो तेव्हा ऊन माडांच्या शेंड्यांवर गेलं होतं. द्वारका थकून पांढरीफटक पडली होती. तिने डोळे उघडले आणि पहिला प्रश्न विचारला तो हाच, "बूच आणलंत?"

"आणलंय," मी म्हणालो, "पण ते गाडीत बसवलंय."

तिला काहीच कळेना. नर्सबाईंनी भांडं चुलीवर चढवता चढवता दोन वाक्यांत सगळं सांगितलं, आणि इतक्या कळांमध्येही द्वारका हसायला लागली. मी पिशवीतली फुलं काढून तिच्या उशाखाली ठेवली. "सकाळी वाट्टेल ते बोललो," एवढंच मला म्हणता आलं. तिने माझा हात धरला, मग नर्सबाईंनी मला दाराबाहेर काढलं. दिवेलागणीला आतून रडण्याचा आवाज आला. बारीक, चिडका आणि थांबायचं नाव न घेणारा. मुलगी होती. पाय आधी टाकून आलेली, धडधाकट. दहावा दिवस उलटला, अकरावा उजाडला, आणि मी गिरणी बंद ठेवून गावभर पेढे वाटले.

पुढल्या कार्तिकात आम्ही तिघं खिंडीत गेलो. म्हातारीच्या तेलाच्या बाटलीसाठी मी मुंबईहून चांगलं विलायती बूच आणलं होतं. तिने ते उलटसुलट करून पाहिलं आणि परत दिलं. पावसाळ्यात झाडाने आणखी एक ढलपी टाकली होती, तिचं बूच बाटलीत बसलेलं होतं. "तुलाच ठेव, गाडीला लागंल," ती म्हणाली. पण गाडीला अजून लागलेलं नाही. ते अजून गिरणीच्या फडताळात आहे आणि नळात खिंडजाईचंच कडं आहे. तो प्रसंग योगायोग म्हणावा की आणखी काही, यावर मी कुणाशी वाद घालत नाही. झाडाने दिलेलं मी आधी चाकाखाली घातलं, मग झिडकारलं, आणि तरीही ते माझ्या हातात आलं, एवढंच मला ठाऊक आहे. अजूनही मी चिडतो आणि घाई करतो. पण जे ओरबाडून मिळत नाही त्याची वाट बघायला थोडंफार शिकलो.

मुलगी आता सात वर्षांची आहे. पायाळू माणसाचा पाय लागला की कंबरेतली उसण जाते, असं आमच्याकडे मानतात, त्यामुळे गावातले लोक तिला शोधत येतात आणि ती ऐटीत सगळ्यांना पाय लावते. मी या प्रकाराची यथेच्छ टिंगल करत असे. परवा पेट्रोलचा नळ उघडायला वाकलो आणि माझ्याच कंबरेत अशी उसण भरली की सरळ होता येईना. निमूटपणे ओटीवर पालथा पडलो. लेकीने तिचा इवलासा पाय माझ्या पाठीवर ठेवला आणि विचारलं, "बाबा, तुम्ही देवाला असा आडवा नमस्कार घालताय का?"

द्वारका दारात उभी राहून हसत होती.  दुखणं थांबलं होतं, तरी तसाच पडून राहिलो.