दुसऱ्या एक्स्चेंजचा टीव्ही

एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढल्यामुळे गल्लीत तिला सगळे ऑपरेटरबाईच म्हणत. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी नाव सुटलं नव्हतं, आणि आवाजही तसाच होता, खणखणीत. फोन उचलून ती "बोला" म्हणाली की पलीकडचा माणूस आधी घसा खाकरून घ्यायचा.

तिचा नवरा पोहायला शिकवायचा. सगळे त्याला सर म्हणत. चाळीस वर्षं ओल्या फरशीवर वावरलेला माणूस, आणि पडला कुठे? तर घरातल्या कोरड्या ठणठणीत व्हरांड्यात, बल्ब बदलताना, स्टुलावरून. कमरेचा मणका दबला. डॉक्टरांनी सहा आठवडे उताणं पडून राहायला सांगितलं. तेव्हापासून सर मागच्या खोलीत पलंगावर आणि समोर भिंतीवर टीव्ही.

पडून राहण्यापेक्षा सरांना दुसरीच गोष्ट खात होती. त्यांची एक जुनी विद्यार्थिनी होती, सव्वीस वर्षांची. पाय भारी मारायची म्हणून सरांनीच तिला बदक हे नाव ठेवलं होतं. तिला तलावावर जीवरक्षकाची नोकरी हवी होती. परीक्षेत दोनशे मीटर चार मिनिटांच्या आत पोहायचं होतं. पहिल्यांदा सहा सेकंदांनी हुकलं, दुसऱ्यांदा चार. तिसरी आणि शेवटची संधी तीन आठवड्यांवर आली होती.

एका दुपारी बदक सरावाचा व्हिडिओ घेऊन आली. सरांनी फोन तोंडावर धरला, चष्मा कपाळावर सरकला.

"ही तू आहेस की पाण्यात पडलेली माशी, तेच मला कळत नाही," सर वैतागून म्हणाले आणि त्यांनी बायकोला हाक मारली. "अगं, हिचा दोन वर्षांपूर्वीचा व्हिडिओ लाव बघू. तेव्हा ही साडेतीन मिनिटांत यायची. काय बदललं ते शेजारी शेजारी बघितल्याशिवाय नाही कळायचं."

सरांनी प्रत्येक विद्यार्थ्याचं पोहणं काठावरून टिपून ठेवलं होतं. अकरा वर्षांचा तो साठा पुढच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर होता. ऑपरेटरबाई पेन ड्राइव्हवर एक व्हिडिओ घेऊन मागे गेली. सर म्हणाले, हा नव्हे, त्याच्या आधीचा. पुन्हा पुढे. मग म्हणाले, बाजूने काढलेला आण. संध्याकाळपर्यंत गुडघे बोलायला लागले. दुसऱ्या दिवशी टीव्हीचं पेन ड्राइव्ह घालायचं भोकच ढिलं झालं आणि टीव्हीने हात वर केले.

तिने भाच्याला बोलावलं. भाचा एका ऑफिसात कॉम्प्युटरची देखभाल करायचा. त्याने पुढच्या खोलीत बसून व्हिडिओंचं फोल्डर घरातल्या सगळ्या यंत्रांसाठी खुलं केलं.

"मावशी, आता वायर नको, पेन ड्राइव्ह नको. घरच्या वायफायवरून सगळीकडे दिसेल. हे बघ, तुझ्या फोनवर आलं."

फोनवर आलं खरं, पण टीव्हीवर ढिम्म काही दिसेना. भाच्याने अर्धा तास रिमोटशी झटापट केली, दोनदा घड्याळ पाहिलं आणि उठला.

"टीव्ही जुना झालाय गं. नवा घे आणि मोकळी हो."

तो गेला. ऑपरेटरबाई टीव्हीकडे बघत उभी राहिली. जुना? याच टीव्हीवर रोज सकाळी इंटरनेटवरून गाणी लागत होती. म्हणजे मुका नाही, बहिरा नाही. एक्स्चेंजमध्ये कॉल लागला नाही तर फोन फेकून द्या असं कोणी सांगत नसे. आधी बघायचं, कुणाची लाइन कुठे जोडली आहे.

तिने वही घेतली. प्रत्येक यंत्राला आपला एक नंबर असतो हे भाचा बोलता बोलता म्हणाला होता. सेटिंगमध्ये शिरून तिने कॉम्प्युटरचा नंबर शोधला, मग फोनचा, मग रिमोटची बटणं दाबून दाबून टीव्हीचा. तिन्ही एकाखाली एक लिहिले. प्रत्येकात आकड्यांचे चार गट. पहिले दोन गट सारखे. तिसऱ्या जागी कॉम्प्युटरला एक, फोनला एक, आणि टीव्हीला पन्नास.

ती तिथेच थबकली. नंबराचे सुरुवातीचे आकडे बघून माणूस कोणत्या भागातला हे तिने आयुष्यभर ओळखलं होतं.

"अहो! तुमचा टीव्ही दुसऱ्या एक्स्चेंजचा आहे!"

"म्हणजे काय?"

"म्हणजे तो सगळ्या जगाशी बोलतो, फक्त पुढच्या खोलीशी बोलत नाही!"

मग तिला दोन खोल्यांमधल्या बोळातला वायफायचा पांढरा डबा आठवला. मागच्या खोलीपर्यंत वायफाय पोचत नाही म्हणून कधीतरी केबल ओढून तो बसवला होता. तिने फोन डब्याच्या वायफायवर घेतला. फोनवरचं फोल्डर गायब. पुन्हा पुढच्या वायफायवर घेतला, फोल्डर हजर. खात्री पटावी म्हणून तीनदा करून बघितलं. चोर सापडला होता.

डब्याच्या खोक्यातलं बारीक अक्षरांचं पत्रक तिने भिंग लावून वाचलं. डब्याच्या कडेला एक इवलंसं बटण होतं. ते एका बाजूला असलं की डबा स्वतःचं वेगळं नेटवर्क चालवायचा, दुसऱ्या बाजूला असलं की आहे तेच पुढे न्यायचा. इतके दिवस तो वेगळी चूल मांडून बसला होता! तिने केसातली पिन काढली, टोकाने बटण सरकवलं. दिवे विझले, लाल झाले, हिरवे झाले. टीव्ही बंद करून पुन्हा लावला. त्याच्या नंबरात आता तिसऱ्या जागी एक.

आणि टीव्हीवरच्या यादीत कॉम्प्युटर दिसला. त्याच्या आत अकरा वर्षं ओळीने उभी होती.

"आलं!" ती अशी ओरडली की सर पलंगावर उडालेच.

"अगं, मणका माझा!"

दुसऱ्या दिवशी बदक आली. तिचा नवा व्हिडिओ फोनवरून फोल्डरमध्ये टाकायला मिनिटभर लागलं. ऑपरेटरबाई दारात उभी राहून फोनवरूनच टीव्ही चालवत होती. आधी जुना व्हिडिओ, मग नवा, पुन्हा जुना.

"थांबव!" सर म्हणाले. "ही मान बघ. पूर्वी श्वास घेताना अर्धं डोकं पाण्यात असायचं. आता अख्खं डोकं वर काढतेस. डोकं वर आलं की पाय खाली जाणारच."

बदक खाली मान घालून म्हणाली, "सर, पहिल्या परीक्षेत नाकात पाणी गेलं होतं. तेव्हापासून तसंच होतंय."

"पाणी केव्हाच बाहेर आलं, भीती आत राहिली. उद्या नुसता श्वासाचा सराव कर आणि मला आणून दाखव."

परीक्षेपर्यंत हेच चाललं. रोज नवा व्हिडिओ, रोज सरांची आरडाओरड. हळूहळू मान खाली गेली, पाय वर आले. सर उताणे पडून हवेत हात मारून दाखवायचे, आणि बदक पलंगाशेजारी उभी राहून तसेच हात मारायची.

परीक्षेच्या दिवशी ती ओल्या केसांनी तडक घरी आली. चेहऱ्यावरून काही म्हणता काही कळू देईना.

"तोंड उघडू नकोस," सरांनी बजावलं. "आधी व्हिडिओ काकूंना दे, टीव्हीवर लागू दे."

मैत्रिणीने काठावरून काढलेला व्हिडिओ सुरू झाला. सरांनी उशीखालचं स्टॉपवॉच काढलं. शिट्टी वाजली. पन्नास मीटर, शंभर. दीडशेच्या वळणावर ऑपरेटरबाईने दाराची चौकट घट्ट धरली. हा निकाल केव्हाच लागून गेलाय हे ती साफ विसरली होती. बदकाचा हात भिंतीला लागला.

"तीन मिनिटं एकोणपन्नास!" सर गरजले. "अकरा सेकंद हातात ठेवून आली!"

"सोमवारपासून कामावर बोलावलंय," बदक म्हणाली, आणि मग तिला हसू आणि रडू एकदमच आलं.

 एकतीस वर्षं ऑपरेटरबाईने लाखो कॉल जोडले होते, आणि जोडला की बाजूला व्हायचं हा नियम होता. पलीकडे कोणाचं काय झालं, कोण पास झालं, कोण रडलं, तिला कधी कळलं नाही. आज तिने जोडलेलं माणूस तिच्याच खोलीत उभं राहून तिच्या गळ्यात पडत होतं.

"काकू, तुमच्यामुळे."

"अगं, केस पूस आधी, माझी साडी भिजवलीस," ती म्हणाली आणि तिने डोळे पुसले.

तेवढ्यात आरडाओरड ऐकून शेजारीण दारात आली. मागून तिचे सासरे आले.

"बसा, बसा," सर म्हणाले. "अगं, पहिल्यापासून लाव."

तिने फोनवर बोट ठेवलं, आणि मागच्या खोलीत पुन्हा शिट्टी वाजली.